आणि तेच खरं असेल तर?

पंथ सोडून दहा-पंधरा वर्षं झालेली असतात. नोकरी, संसार, नवे मित्र, सगळं मार्गी लागलेलं असतं. मग एखाद्या रात्री बातम्यांत भूकंपाची दृश्यं दिसतात, पोटात गोळा येतो आणि मनात एकच प्रश्न उभा राहतो: आणि तेच खरं असेल तर?

कडक शिस्तीचा धर्मगट सोडलेल्या पुष्कळांना हा प्रश्न ओळखीचा असतो. तो कुठून येतो आणि इतका चिवट का असतो, हे समजून घ्यायचं तर एकच गट नीट पाहिलेला बरा. इथे यहोवाचे साक्षीदार हा पंथ घेतला आहे. त्याच्या शिकवणीची आणि बदलत्या भाकितांची छापील नोंद विपुल आहे, आणि तो आपल्याला अगदी परकाही नाही. त्यांचं भारतातलं कार्यालय १९२६ साली मुंबईत सुरू झालं, पुढे बरीच वर्षं ते लोणावळ्याला होतं. 'टेहळणी बुरूज' हे त्यांचं नियतकालिक मराठीतही निघतं. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत, या पंथात वाढलेल्यांपैकी ६६ टक्के लोक मोठेपणी स्वतःला साक्षीदार म्हणवत नव्हते. म्हणजे सोडून जाणारे थोडेथोडके नाहीत.

शिकवण थोडक्यात अशी: हे जग शेवटच्या काळात आहे. लवकरच हर्मगिदोन होईल, देव दुष्ट व्यवस्थेचा नाश करेल आणि त्याचे विश्वासू सेवक याच पृथ्वीवर नंदनवनात कायमचे जगतील. हा शेवटचा काळ १९१४ साली सुरू झाला. युद्ध, दुष्काळ, रोगराई, भूकंप ही त्याची चिन्हं.

ही शिकवण मनात कशी मुरते, ते पाहायला त्यांच्या राज्य सभागृहातली (म्हणजे सभास्थानातली) 'टेहळणी बुरूज'च्या अभ्यासाची सभा पाहावी. लेखातल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असतो आणि त्या परिच्छेदावरचा प्रश्नही त्याच पानावर छापलेला असतो. एक जण परिच्छेद मोठ्याने वाचतो, सभा चालवणारा छापील प्रश्न विचारतो, हात वर होतात, मायक्रोफोन फिरतो आणि उत्तर त्या परिच्छेदातूनच येतं. घरून येतानाच उत्तरांच्या ओळी अधोरेखित करून आणायच्या असतात. सहा-सात वर्षांचं मूलही एका वाक्याचं उत्तर देतं आणि सभेनंतर मोठी माणसं त्याचं कौतुक करतात. प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच हातचे. हे आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षं.

अशा पुनरावृत्तीने काय होतं, याविषयी मानसशास्त्रज्ञ लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही विधानं दाखवून ती कितपत खरी वाटतात ते विचारलं. दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा विचारताना त्यातली काही विधानं तीच ठेवली होती. पुन्हा पुन्हा समोर आलेली विधानं लोकांना अधिक खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत वा खोटी. दोन-तीन वेळा ऐकून हे होत असेल, तर हजारो वेळा ऐकलेल्या आणि स्वतःच्या तोंडाने, कौतुकासह म्हटलेल्या वाक्याचं काय होत असेल, याची कल्पना करता येते. पंथ सोडल्यावर ते वाक्य पुसलं जात नाही. ते अजूनही सर्वांत आधी, विनासायास मनात येतं, आणि विनासायास येणारी गोष्ट माणसाला खरी वाटते.

याला भीतीची जोड असते. १९५८ साली निघालेल्या त्यांच्या एका सचित्र पुस्तकात हर्मगिदोनचं चित्र होतं: कोसळणाऱ्या इमारती, दुभंगलेली जमीन, भेगेत पडणारी माणसं. मुलं ती पानं वाचता येण्याआधीपासून पाहत. लहानपणी शिकलेली भीती शरीरात राहते आणि ती कशी राहते याविषयी मानसशास्त्राला बरंच ठाऊक आहे. मला वाटतं, सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे.

पाव्हलॉव्हच्या काळापासून माहीत आहे की शिकलेली प्रतिक्रिया विझवता येते, पण काही काळाने ती आपोआप पुन्हा डोकं वर काढते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हे आणखी उलगडलं. उंदराला एका पिंजऱ्यात शिकवलं की ठराविक आवाज झाला की विजेचा झटका बसतो. मग दुसऱ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पिंजऱ्यात तोच आवाज झटक्याविना पुन्हा पुन्हा ऐकवला. भीती विझली. पण उंदराला पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवून आवाज केला, तेव्हा भीती परत आली. म्हणजे जुनं शिकलेलं खोडलं गेलंच नव्हतं. त्याच्यावर 'आता धोका नाही' हा नवा धडा चढला होता, आणि तो धडा जिथे शिकला त्या जागेशी बांधलेला होता.

आता सुरुवातीच्या, पंथ सोडलेल्या माणसाकडे पाहा. त्याचा नवा धडा कार्यालयात, मित्रांच्या गप्पांत, रविवारच्या निवांत सकाळी तयार झालेला असतो. तिथे तो पक्का टिकतो. पण भूकंपाची बातमी, युद्धाची घोषणा, आईचा आजार, पंथाच्या जुन्या गाण्याची चाल म्हणजे पहिला पिंजरा. २०२० च्या कोविड साथीत, पंथातून बाहेर पडलेल्या अनेकांना हे फार तीव्रतेने जाणवलं, कारण रोगराई हे शेवटच्या काळाचं चिन्ह म्हणून त्यांनी पाठ केलेलं होतं.

म्हणून या शंकेला विचारायचा पहिला प्रश्न 'तू खरी आहेस का' हा नसून 'तू आत्ताच का आलीस' हा असावा. जी शंका नवा पुरावा वाचून येते, ती पुराव्याची असते. जी बातमीनंतर, झोप न झालेल्या रात्री, एखाद्या अंत्यविधीनंतर येते आणि चार दिवसांनी एकही नवी गोष्ट न कळता निघून जाते, ती सरावाची असते. महिनाभर शंका आल्याची वेळ आणि त्याआधीचा प्रसंग वहीत टिपला, तरी हा फरक दिसू लागतो.

शंका दाबून टाकणं मात्र उपयोगाचं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली दाखवलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं सांगितलेल्या माणसांच्या मनात ते अस्वल येतच राहतं आणि मनाई उठल्यावर तर अधिकच येतं. त्यातून साक्षीदारांना पंथातही हेच शिकवलेलं असतं: संशय आला की बाजूला ठेव, धर्मत्यागी लोकांचं काही वाचू नकोस. बाहेर पडल्यावर उलट दिशेने तीच सवय चालू ठेवली तर मन कधीच निश्चिंत होत नाही. शंकेला समोर बसवून तपासणं, हे पंथात कधी करता न आलेलं काम आहे.

ते कसं करायचं, याचं एक उदाहरण पाहू. १९१४ हे साल येतं कुठून? बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमचा नाश इसवी सनपूर्व ६०७ मध्ये केला, असं पंथ मानतो. बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातले 'सात काळ' म्हणजे २,५२० वर्षं, असा हिशोब धरून तिथून पुढे मोजलं की १९१४ येतं. इतिहासकार मात्र हा नाश इसवी सनपूर्व ५८७ किंवा ५८६ मध्ये ठेवतात. त्यांच्या आधारांपैकी एक आज बर्लिनमध्ये आहे. ती एक मातीची पाटी आहे, नोंदणी क्रमांक व्हीएटी ४९५६. तिच्यावर नबुखद्नेस्सरच्या ३७ व्या वर्षातल्या चंद्राच्या आणि ग्रहांच्या जागा कीलाकृती लिपीत टिपल्या आहेत. ग्रहांच्या जागांची गणितं मागे जाऊन करता येतात आणि ती इसवी सनपूर्व ५६८-५६७ या वर्षाशी जुळतात. राजाचं ३७ वं वर्ष ते असेल, तर यरुशलेम पडलं ते त्याचं १८ वं-१९ वं वर्ष ५८७-५८६ च्या सुमारास येतं. तिथून २,५२० वर्षं मोजली तर १९१४ हाती लागत नाही. कार्ल ओलोफ जॉन्सन या स्वीडनमधल्या साक्षीदाराने हाच अभ्यास वर्षानुवर्षं केला, मुख्यालयाला कळवला, शेवटी तो बहिष्कृत झाला आणि १९८३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं.

ही तपासणी एकदा स्वतः, कागदावर आकडे मांडून केली की भीती लगेच थांबत नाही, पण पुढच्या वेळी ती आली की तिच्यासमोर ठेवायला काहीतरी ठोस असतं. तसंच भाकितांचं. १९२५ वर आशा ठेवली गेली होती. १९६६ च्या एका पुस्तकात मानवी इतिहासाची ६,००० वर्षं १९७५ मध्ये पूर्ण होतात असा तक्ता आला, आणि अंत तेव्हाच येईल असं धरून काहींनी घरं विकून उरलेला वेळ प्रचाराला दिला. १९१४ पाहिलेली पिढी संपण्याआधी अंत येईल, ही शिकवण १९९५ मध्ये बदलली आणि २०१० मध्ये 'एकमेकांवर येणाऱ्या' दोन गटांची मिळून एक पिढी, असा नवा अर्थ दिला गेला.

इतकं कळूनही शंका का उरते? मला यात एक कारण फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. शंकेला भीतीखेरीज आदराचंही खतपाणी मिळतं. नाझी जर्मनीत धर्म सोडल्याच्या कागदावर सही केली असती तर साक्षीदारांना छळछावणीतून सुटता आलं असतं. बहुतेकांनी सही केली नाही आणि साक्षीदार कैद्यांची खूण असलेला जांभळा त्रिकोण छातीवर वागवला. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढलं. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांच्या बाजूने निकाल दिला. अशा माणसांमध्ये वाढलेल्याला वाटतंच, की एवढं सोसणारी माणसं चुकीची कशी असतील? उत्तर द्यायला जड जातं, तरी ते द्यावं लागतं. धैर्य त्यांचं खरं होतं. त्या धैर्याने ६०७ चं गणित बरोबर ठरत नाही. त्यांच्याविषयीचा आदर जवळ ठेवून गणित नाकारता येतं.

दुसरी गोष्ट नात्यांची. बहिष्कृत माणसाशी मंडळीतले लोक बोलत नाहीत, आणि यात घरापासून वेगळी राहणारी मुलं, भावंडंही येतात. १९८१ पासून स्वतःहून राजीनामा देणाऱ्यालाही हाच नियम लागू झाला. त्याच वर्षी रेमंड फ्रांझ, जे १९८० पर्यंत पंथाच्या सर्वोच्च नियमन मंडळात होते, त्यांना बहिष्कृत केलं गेलं. कारण: पंथ सोडलेल्या आपल्या मालकाबरोबर केलेलं जेवण. २०२४ मध्ये नियम थोडे सैल झाले. सभेला आलेल्या बहिष्कृत माणसाला आता दोन शब्दांत नमस्कार करता येतो. पण आईचा फोन येत नाही तो येतच नाही.

अशा वेळी 'तेच खरं असेल तर' या वाक्यामागे पुष्कळदा 'मला आई हवी आहे' हे वाक्य असतं. पंथ खरा असता, तर आईकडे जायची वाट मोकळी असती. हे दोन धागे सुटे करणं अवघड आहे, पण करायलाच हवं, कारण दुःखावर ग्रहांच्या गणिताने उपाय होत नाही आणि गणिताचा निकाल दुःखाने लागत नाही. काही जण कुटुंबासाठी परत जातात. परतीसाठी अर्ज करतात, महिनोन्महिने सभेला येऊन बसतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला दिसत नाही.

हेलन एबॉ या समाजशास्त्रज्ञ स्वतः माजी नन. त्यांनी ननपद, व्यवसाय, लग्न अशा मोठ्या भूमिका सोडलेल्या १८५ जणांच्या मुलाखती घेऊन १९८८ मध्ये पुस्तक लिहिलं. सोडलेल्या भूमिकेचा अंश माणसात शिल्लक राहतो, त्याला 'माजी' असणं हीच एक ओळख सांभाळावी लागते, हे त्यांनी तपशिलाने मांडलं. पहिला वाढदिवस साजरा करताना हात अडखळणं (साक्षीदार वाढदिवस पाळत नाहीत), शस्त्रक्रियेआधी रक्त घेण्याच्या संमतीपत्रावर सही करताना घशाला कोरड पडणं, हे त्याच अंशाचे प्रकार. १९४५ पासून पंथ रक्त घेण्याला पाप मानतो. डॉक्टरांना आपली पार्श्वभूमी आधीच, शांतपणे सांगितलेली बरी. आयत्या वेळी एकट्याने झगडण्याची गरज नसते.

देव आहे का, मेल्यावर काय, चांगलं कसं जगायचं, हे प्रश्न यापेक्षा वेगळे. ते सरावाचे अवशेष नाहीत आणि त्यांच्यावर छापील उत्तरही आता नाही. त्यांना वेळ द्यावा. एका ठाम उत्तरावरून लगेच दुसऱ्या ठाम उत्तरावर उडी मारण्याची ओढ या काळात जबर असते, आणि दुसरा कडक गट अशाच माणसाला सहज सापडतो.

आणि तुमच्या ओळखीतलं कुणी यातून जात असेल, तर 'कशाला मनावर घेतोस, सोड ना' असं म्हणू नका. त्याने सोडलेलंच आहे. आज ही शंका कशावरून आली, एवढं विचारा आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, महिनोन्महिने तेच चालू असेल, तर धार्मिक भीतीचा विषय हलका न लेखणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला पहिल्या भेटीपुरते तरी त्याच्यासोबत चला.