लाल वाईन, मे महिना आणि बर्फाची बादली

मे महिन्यातली नाशिकची संध्याकाळ. एका हॉटेलच्या गच्चीवर वाईन टेस्टिंग होतं. तिकीट काढून आलेली पंचवीसेक माणसं, प्रत्येकापुढे चार ग्लास, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोंडी परीक्षेला बसल्याचा भाव. शेजारच्या काकांनी हळूच विचारलं, "आधी ग्लास फिरवायचा की आधी वास घ्यायचा?"

ग्लास गोल फिरवणं हा शिष्टपणा आहे, असं बरेच जण धरून चालतात. पण त्यात साधं काम आहे. फिरवल्यावर वाईन काचेवर पसरते, तिच्यातले उडून जाणारे घटक हवेत येतात आणि नाकापर्यंत पोचतात. म्हणून तर ग्लास तळाशीच भरतात, त्यात कंजूषपणा नसतो. काकांना मी सांगितलं, आधी न फिरवता हुंगा, मग फिरवून हुंगा. त्यांनी तसं केलं आणि "अरेच्चा!" म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं सॉव्हिन्याँ ब्लाँचा ग्लास नाकाशी धरून विचारलं, "हिच्यात सिमला मिरची घातलीय का?" लोक हसले. खरं तर त्या संध्याकाळचं सगळ्यात अचूक वाक्य तिचंच होतं. या जातीच्या द्राक्षात मेथॉक्सिपायराझिन नावाची संयुगं असतात आणि सिमला मिरचीचा वासही त्यांच्यामुळेच येतो. वाईनमध्ये पेरू, लिंबू, मिरे असं काही 'लागतं' म्हणतात तेव्हा बाहेरून काही घातलेलं नसतं. ते वास द्राक्षातून, आंबवण्यातून आणि कधी लाकडी पिंपातून येतात.

जाणकारांना सगळं कळतं, हाही एक भ्रमच. 2001 साली बोर्डोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाईन दिली, पण गंधहीन लाल रंग घालून. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला चकवलं! तेव्हा नवख्यांनी लाजायचं काही कारण नाही. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या धारा बघून "उंची माल दिसतो" म्हणणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नये. अल्कोहोल पाण्याआधी उडतं, पृष्ठताण बदलतो, म्हणून त्या धारा उतरतात. त्यावरून फार तर अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही.

खरा घोळ पुढे झाला. लाल वाईन आली ती थेट काउंटरवरून, आणि दिवसभर तापलेली गच्ची अजून वाफा सोडत होती. पहिल्याच घोटाला खोकल्याच्या औषधाची आठवण झाली. मी बर्फ मागितला तर वाढपी म्हणाला, "मॅडम, रेड वाईन रूम टेंपरेचरलाच पितात." वाक्य पाठ होतं, पण खोली कुठली? हा दंडक युरोपातल्या जुन्या, थंड दगडी घरांमधला. तिथली खोली म्हणजे साधारण 16 ते 18 अंश. आपल्या मे महिन्यात त्याच्या दुप्पट पारा असतो. त्या उष्णतेत अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा वास त्याखाली दबून जातो. लाल वाईन 15 ते 18 अंशांवर, पांढरी 8 ते 12 आणि फसफसणारी 6 ते 8 अंशांवर द्यावी. उन्हाळ्यात पार्टीचं केटरिंग करणाऱ्यानं हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

शेवटी बादली आली, पण नुसत्या बर्फाची. बर्फाचे खडे बाटलीला इथे-तिथेच टेकतात, मध्ये हवा राहते. त्यात पाणी ओतलं की गारवा चहूबाजूंनी लागतो, आणि मूठभर मीठ टाकलं की पाणी शून्याच्याही खाली उतरतं. लाल बाटली दहाएक मिनिटांत माणसांत आली. काकांनी तीच वाईन पुन्हा चाखली आणि "ही दुसरी का?" म्हणाले.

पार्टीच्या जेवणाबद्दलही एक समजूत पक्की आहे, की वाईनबरोबर चीजच हवं आणि आपलं खाणं जमतच नाही. जमत नाही ते झणझणीत तिखट आणि तुरट लाल वाईन. मिसळीवर कडक शिराझ प्यायलात तर तोंडाची आग वाढते, कारण अल्कोहोल तिखटाला पेटवतं. किंचित गोडसर, गार शनाँ ब्लाँ मात्र तिखट सांभाळून घेते. कोथिंबीर वडी, सुरळीची वडी, तव्यावरची सुरमई यांना आंबटसर पांढरी वाईन चांगली लागते. माझं मत विचाराल तर चीजच्या थाळीपेक्षा जास्तच चांगली.

जुनी तितकी चांगली, हा हिशोबही इथे चालत नाही. जगातल्या बहुतेक वाईन लवकर पिण्यासाठीच बनतात आणि नाशिकच्या पांढऱ्या तर नक्कीच. लग्नात मिळालेली बाटली फ्रिजवर पाच वर्षं ठेवली तर तिची चव उतरलेली असते. आणखी एक गैरसमज मळ्यांबद्दलचा: मे महिन्यात तिथे द्राक्षं बघायला येणाऱ्यांना फक्त काड्या नि कोवळी फूट दिसते. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये उरकते आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी होते.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे "वाईन काही दारू नाही". जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा हे वाक्य घरोघरी घुमलं. आता गणित बघा. 13 टक्क्यांच्या वाईनच्या 150 मिलीत साडेएकोणीस मिली अल्कोहोल असतं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये तेरा मिलीही नसतं. म्हणजे एक ग्लास वाईन हा दीड पेग झाला. लॉनवर किंवा हॉलमध्ये पार्टी ठेवून वाईन वाढायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागतो, तोही याचसाठी.

टेस्टिंगमध्ये 50 मिलीचे चार ग्लास म्हणजे 200 मिली, पाव बाटलीहून अधिक. म्हणून टेबलावर थुंकायचं भांडं ठेवतात. चव घेऊन थुंकणं तिथे असभ्य मानत नाहीत, धंद्यातली माणसं दिवसभर तेच करतात. आमच्या टेबलावर ते भांडं फक्त काकांसोबत आलेल्या काकूंनीच वापरलं, तेही पदर तोंडाशी धरून. निघताना काकांनी खिशातून किल्ली काढली, काकूंनी ती न बोलता त्यांच्या हातातून घेतली आणि त्या गाडीकडे चालू लागल्या.