नावावरून ठरते धुलाई : सीएसएसडीत शरीरशास्त्र कशाला?

ऑपरेशन झालं की वापरलेली उपकरणं रुग्णालयाच्या सीएसएसडी विभागात येतात. तिथल्या कर्मचाऱ्याचा रुग्णाशी थेट संबंध येत नाही. मग त्याने शरीराची माहिती का शिकायची?

कारण उपकरण शरीरात कुठे जाणार, यावर ते किती निर्जंतुक हवं हे ठरतं. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी त्यासाठी केलेले तीन गट आजही वापरले जातात.

पहिला गट : रक्तात किंवा शरीराच्या निर्जंतुक भागात जाणारी उपकरणं. उदा. ऑपरेशनची कात्री. यांचं पूर्ण निर्जंतुकीकरण करावं लागतं.

दुसरा गट : तोंड, अन्ननलिका यांच्या ओलसर अस्तराला लागणारी उपकरणं. यांना किमान उच्च पातळीचं जंतुनाशन लागतं.

तिसरा गट : फक्त अखंड त्वचेला लागणारी. उदा. बीपीचा पट्टा. तो स्वच्छ करून साध्या जंतुनाशकाने पुसला तरी चालतो.

आता दोन नावं पाहा. 'आर्थ्रो' म्हणजे सांधा, 'गॅस्ट्रो' म्हणजे जठर. आर्थ्रोस्कोप आणि गॅस्ट्रोस्कोप दोन्ही आत पाहायची साधनं. पण पहिलं निर्जंतुक सांध्यात जातं, दुसरं तोंडावाटे जठरात. म्हणून गट वेगळे.

गट कोणताही असो, आधी घासून धुणं आलंच. सांध्यात रक्त वाळून राहिलेल्या कात्रीवर १३४ अंश सेल्सिअसची वाफ सोडली, तरी ती रक्ताखालच्या जंतूंपर्यंत पोहोचेलच असं नाही. आणि तीच कात्री पुढच्या रुग्णाच्या पोटात जाते.