तेल-तूप बंद केलं की आजार थांबतो?

अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, म्हणजेच एएलडी, हे निदान कळलं की आप्तेष्टांचा पहिला सल्ला ठरलेला असतो: मुलाचं तेल-तूप बंद करा. या आजारात २६ कार्बनांची लांबलचक मेदाम्लं शरीरात साचतात, त्यामुळे सल्ला पटतोही. पण त्यातली बहुतेक ताटातून येतच नाहीत. शरीरच छोट्या मेदाम्लांना कार्बन जोडून ती तयार करतं. ती मोडण्याची जागा म्हणजे पेशीतलं पेरॉक्सिझोम, आणि तिथे त्यांना आत घेणारं प्रथिन एबीसीडी१ जनुकातल्या दोषामुळे निकामी असतं.

१९९२च्या ‘लॉरेन्झोज ऑइल’ या चित्रपटामुळे औषधी तेलाची आशा जगभर पोहोचली. ते तेल रक्तातलं या मेदाम्लांचं प्रमाण खरोखर उतरवतं. मेंदूत सुरू झालेली पडझड मात्र त्याने थांबत नाही. (त्यातलं इरुसिक आम्ल मोहरीच्या तेलातही असतं, पण तेवढ्यावरून मोहरीचं तेल पाजत बसू नये.)

‘मेंदूला चरबीचं इंधन मिळत नाही’ हा समजही चुकीचा. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के, आणि तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. बिघाड होतो तो ऊर्जा तयार होण्यात आणि पोहोचण्यात. साचलेली मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियांवर ताण आणतात. उंदरांमध्ये ही इजा लक्षणांच्या खूप आधी दिसली आहे. मज्जातंतूवरच्या मायलिनला आपण नुसतं तारेवरचं वेष्टण समजतो, पण ते बनवणाऱ्या पेशी मज्जातंतूला लॅक्टेटच्या रूपात इंधनही पुरवतात. मेंदूपासून कमरेपर्यंत जाणाऱ्या लांब तंतूंना म्हणूनच टोकाकडून झळ लागते आणि ऐन तिशीत पुरुषांचे पाय कडक होऊ लागतात.

बायका फक्त वाहक असतात, हे तर साफ खोटं. साठीपर्यंत बहुतेकींना चालण्याचा किंवा लघवीचा त्रास जाणवतो आणि उपचार मात्र मणक्यावर होत राहतात.

मुलग्यांमध्ये चार ते दहा वर्षांच्या वयात मेंदूत दाह भडकू शकतो. अभ्यासात मागे पडणारं पोर वात्रट ठरतं. त्वचा काळवंडणं, उलट्या, थकवा ही अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बिघाडाची खूण त्याआधीही दिसू शकते. मूळपेशी प्रत्यारोपणाचा खरा उपयोग एमआरआयमधले बदल थोडे असतानाच होतो, त्यामुळे लक्षणं नसतानाही ठरावीक काळाने एमआरआय करावा लागतो. सख्ख्या भावांत दोष तोच असूनही एकाला बालपणीच, दुसऱ्याला चाळिशीत त्रास होऊ शकतो. मुलाचं निदान झालं की आई, मामा, मावशी आणि मावसभावंडं यांच्याही तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं.