कळसूबाईच्या दहाव्या हिश्श्याच्या देशात ट्रेकिंग सायकल

सिंगापूरचा सर्वांत उंच डोंगर बुकित तिमाह. उंची १६४ मीटर, म्हणजे कळसूबाईचा दहावा हिस्सा. अख्खा देश पूर्व-पश्चिम ५० किलोमीटरमध्ये आटपतो. मग आठ-आठ दिवसांच्या सफरींसाठी युरोपात रुळलेली ट्रेकिंग सायकल इथे कशाला?

कारण पाऊस. ही सायकल म्हणजे आपल्या दूधवाल्याची सायकल, गिअर लावलेली. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेन-कव्हर, दिवा, बेल. रेसिंग सायकल वजन वाचवायला जे जे काढून टाकते, ते सगळं हिच्या अंगावर. वजन १५ किलोच्या आसपास जातं, पण ऑफिसला पोचल्यावर शर्टाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा नसतो.

२०११ मध्ये तांजोंग पगारची रेल्वे बंद झाली आणि त्या मार्गाचा २४ किलोमीटरचा रेल कॉरिडॉर झाला. सर झाली की तिथल्या खडीच्या भागात ४० मिलिमीटरच्या आसपासचे जाड टायर आणि डिस्क ब्रेक यांची किंमत कळते. ओल्या रिमवर रबरी ब्रेक उशिरा धरतो, डिस्क तशी दगा देत नाही.

मला स्वतःला आवडतो तो डायनॅमो. टायरला घासून घरघरणारा जुना, बाटलीच्या आकाराचा डायनॅमो पावसात घसरायचा आणि दिवा मंदावायचा. आता डायनॅमो पुढच्या चाकाच्या हबमध्येच असतो: ६ व्होल्ट, ३ वॉट. सिग्नलला थांबलो तरी दिव्यात साठवलेल्या विजेवर उजेड काही मिनिटं टिकतो. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा इथे कायद्यानेच लागतो. डायनॅमोचा दिवा चार्ज करायचा राहिला, असं होत नाही.

गिअरसाठी तर सिंगापूर परकं नाहीच. जपानच्या शिमानोने परदेशातला आपला पहिला कारखाना १९७३ मध्ये इथेच काढला. जुन्या डिरेलरवर, हबवर ‘मेड इन सिंगापूर’ कोरलेलं सापडतं.

पुढचा स्प्रिंगचा फोर्क मात्र इथे निव्वळ ओझं. बागांना जोडणाऱ्या गुळगुळीत वाटांवर, म्हणजे पार्क कनेक्टरवर, साधा फोर्क पुरतो. पुढचं सर्वांत लहान दातेरी चक्रही मलेशियातल्या घाटांवर जाणार असाल तरच कामाचं.

आणि एक: एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, फक्त घडीची सायकल चालते, तीही १२० × ७० × ४० सेंटिमीटरच्या आतली. तेव्हा ट्रेकिंग सायकलवर निघालात, तर परतीचं अंतर धरूनच निघा.