कॉफीच्या बिया आणि मे महिना

गेल्या मे महिन्यात माझा भाचा चिखलदऱ्याहून भाजलेल्या कॉफीच्या बियांचं अर्धा किलोचं पाकीट घेऊन आला. विदर्भात कॉफी पिकते ती तिथे, हे आमच्या रामटेकात अजून पुष्कळांना खरं वाटत नाही. बाहेर पारा ४५च्या घरात, म्हणून मी पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं. आठवड्यानं कॉफी केली, तर तिला कापलेल्या कांद्याचा वास! भाचा काही बोलला नाही. अर्धा कप ठेवून उठला.

कॉफी आजूबाजूचे वास ओढून घेते. शिवाय थंड बिया बाहेर काढल्या, की थंडगार बाटलीला फुटतो तसा त्यांनाही घाम फुटतो. भाजलेल्या बीमध्ये तेल असतं. हवा, ओल, ऊन, उष्णता लागली, की जुन्या शेंगदाण्यांसारखं ते खवट होतं. पूड केली की हवा सगळीकडून लागते; म्हणून बिया अख्ख्या ठेवाव्यात, लागतील तेवढ्याच दळाव्यात.

आता घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरते. काचेची बरणी देखणी खरी, पण उजेड आत शिरतो. डबा गॅसपासून लांब, आलमारीच्या खालच्या खणात. उरलेल्या बियांच्या लहान हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकते. काढलेली पुडी पूर्ण निवळून खोलीइतकी होईपर्यंत उघडायची नाही, आणि परत आत ठेवायची नाही.

तरी दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढीच आणलेली बरी. यंदा भाच्याला पाव किलोच सांगितली आहे.