दातावरचा जोड आणि त्याचे आयुष्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते फळा स्वच्छ पुसल्यावाचून नवे गणित मांडीत नसत. माझ्या दंतवैद्यकाच्या व्यवसायात ती शिस्त मला फार उशिरा उमगली.

व्यवसायाच्या आरंभी एका शाळकरी मुलाचा तुटलेला पुढचा दात मी राळेच्या भरणाने पुरा केला. चार महिन्यांत ते भरण गळून पडले. मी द्रव्याला दोष दिला. वस्तुतः दोष माझ्या घाईचा होता. जोडाच्या जागी लाळ लागली होती, आणि ती जागा पुन्हा धुऊन, वाळवून तयार करण्याचा धीर मी धरला नव्हता.

दाताच्या बाहेरील कठीण कवचास दंतवल्क म्हणतात. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. अशा गुळगुळीत पृष्ठभागावर काहीही टिकून राहत नसे. रंग देण्यापूर्वी धातूला फॉस्फोरिक आम्ल लावण्याची कारखान्यातील रीत पाहून अमेरिकेतील मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ साली तोच प्रयोग दातावर केला. आम्लाने दंतवल्कात सूक्ष्म छिद्रे पडतात. पातळ राळ त्यांत शिरते आणि तेथेच घट्ट होते. गिलाव्यापूर्वी गवंडी भिंतीला टाचे मारतो, त्यातलाच हा प्रकार. आज ३० ते ४० टक्के तीव्रतेचे आम्ल साधारण १५ ते ३० सेकंद पुरते.

हा जोड किती टिकेल? आपल्या सराफ्यात गरम गराडूनंतर लगेच कुल्फी खाणाऱ्या इंदूरकराच्या दाताची कल्पना करा. उष्णतेने राळ दातापेक्षा अधिक प्रसरण पावते, थंडीने अधिक आकुंचते. त्या ताणाचा भार जोडावर येतो. प्रयोगशाळेत नमुने ५ आणि ५५ अंश सेल्सियसच्या पाण्यात आळीपाळीने बुडवून हीच परीक्षा घेतात. नीट तयार केलेल्या दंतवल्कावरील जोड अशा कसोट्यांत चांगला टिकतो.

आतल्या दंतिनाची गोष्ट निराळी. त्यात पाणी आणि कोलॅजनचे तंतू असतात. तेथे कालांतराने पाण्याने राळेचे विघटन होते आणि दातातीलच विकरे उघड्या तंतूंना कुरतडतात. म्हणून भरणाच्या कडा सर्व बाजूंनी दंतवल्कावर राहिल्या, तर आतील जोडाचेही पाण्यापासून रक्षण होते.

एकदा गेलेले दंतवल्क शरीर पुन्हा घडवीत नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. दुखू लागेपर्यंत थांबलेल्या रुग्णाच्या दाताला, जोड ज्यावर उभारायचा तो काठच पुष्कळदा उरलेला नसतो. तेव्हा उत्तमातले उत्तम द्रव्यही अपुरे पडते. कीड लहान असतानाच दंतवैद्याकडे जावे, एवढीच माझी विनंती.

त्या मुलाचा दात मी दुसऱ्यांदा भरला, तेव्हा आधी जागा नीट कोरडी केली. ते भरण पुढे कित्येक वर्षे टिकले.