कागदावरचे मैदान आणि मातीतले मैदान

जुन्या घराची दुरुस्ती काढली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. नेमके कोणते घर परत आणायचे? आजोबांनी बांधले ते, वडिलांनी पडवी वाढवून मोठे केले ते, की आपण लहानपणापासून पाहत आलो ते? घराचा मूळ आराखडा हाती आला तरी वाद मिटतोच असे नाही. कारण आराखड्यात दाखवलेली खोली कधी बांधलीच गेली नव्हती, हेही कधीकधी तेव्हाच कळते.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या गोल्फ मैदानांपुढे आज उभा आहे. क्रिकेटची खेळपट्टी किंवा टेनिसचे अंगण यांची मापे ठरलेली असतात. गोल्फचे तसे नाही. अठरा ‘होल’पैकी प्रत्येकाची लांबी, उतार, वळण आणि वाळूच्या खड्ड्यांची म्हणजे बंकरांची जागा वेगळी असते, आणि ती कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेली असते. म्हणूनच या खेळात मैदानाच्या रचनाकाराचे नाव वास्तुविशारदाच्या नावासारखे घेतले जाते. पण इमारत दगडाची असते आणि मैदान गवताचे. गवत कापणारा कामगार कडेचा भाग थोडा राखून यंत्र वळवतो. वर्षानुवर्षे हेच घडत राहिले की कोपरे असलेले मोठे ग्रीन लहान आणि गोल होत जाते. बंकरमधून फटक्याबरोबर उडालेली वाळू काठावर साचून काठ उंचावतो. हौसेने लावलेली रोपटी पन्नास वर्षांनी फटक्याची वाट अडवतात. मंदीच्या किंवा युद्धाच्या काळात खर्च वाचवण्यासाठी बंकर बुजवले जातात आणि पुढच्या पिढीला ते होते याची आठवणही राहत नाही. कोणी मुद्दाम न मोडताही मैदान बदलून जाते.

मग मूळ मैदान शोधायचे कुठे? पहिला आधार अर्थातच जुना नकाशा. मात्र या क्षेत्रातील अभ्यासक सर्वांत आधी एक गोष्ट शिकतात: नकाशा दोन प्रकारचा असतो. एक ‘काय करायचे आहे’ ते सांगतो, दुसरा ‘काय आहे’ ते सांगतो. दोन्ही कागद सारखेच जुने आणि सारखेच सुबक दिसतात. त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे चुकते.

दुसऱ्या प्रकारचे उत्तम उदाहरण स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे आहे. तेथील ‘ओल्ड कोर्स’ कोणा एका माणसाने रचलेला नाही; समुद्रकाठच्या वाळवंटी कुरणात शतकानुशतके खेळता खेळता तो घडत गेला. ॲलिस्टर मॅकेन्झी या रचनाकाराने त्याची काटेकोर मोजणी करून १९२४ साली नकाशा प्रसिद्ध केला. मॅकेन्झी शिक्षणाने डॉक्टर होता आणि बोअर युद्धाच्या निमित्ताने छद्मावरणाच्या, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणात माणूस लपवण्याच्या विद्येत त्याला रस निर्माण झाला होता. जमीन वाचण्याची ती नजर त्या नकाशात दिसते. त्यात रचनाकाराची स्वप्ने नाहीत, १९२४ च्या सुमारास जमिनीवर जे होते त्याची नोंद आहे. म्हणून आजही तो साक्षीदार म्हणून उभा करता येतो.

पहिल्या प्रकारच्या कागदांचा मोठा ठेवा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील पाइनहर्स्ट या गावी आहे. बोस्टनचे उद्योजक जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी १८९५ साली हे विश्रामस्थळ वसवले. त्यांच्या कुटुंबाच्या नावाने चालणाऱ्या तेथील अभिलेखागारात डोनाल्ड रॉस या रचनाकाराची मूळ आरेखने आणि टिपणे जपलेली आहेत. रॉसचा जन्म १८७२ साली स्कॉटलंडमधील डॉर्नोक गावी झाला. तो १८९९ साली अमेरिकेत आला आणि पाइनहर्स्टमध्ये स्थिरावला. १९४८ साली तेथेच त्याचे निधन झाले. सुमारे चारशे मैदाने त्याच्या नावावर सांगितली जातात.

या ‘चारशे’मध्येच अभ्यासकाची परीक्षा आहे. रेल्वेने प्रवास करण्याच्या त्या काळात एका माणसाने इतकी मैदाने जातीने उभारणे शक्य नव्हते. काही ठिकाणी रॉस अनेकदा गेला, काही ठिकाणी एखादी भेट देऊन परतला, तर काही ठिकाणी पाऊलही न ठेवता केवळ भूपृष्ठाच्या नकाशावरून त्याने आखणी केली. प्रत्येक होलचा स्वतंत्र कागद, त्यावर ग्रीनचे रेखाटन आणि शेजारी बांधकामाच्या सूचना, अशी त्याच्या कार्यालयाची पद्धत होती. हे कागद घेऊन त्याचे सहकारी प्रत्यक्ष काम पाहत. खडक लागला, पैसे संपले, शेजारच्या जमिनीचा व्यवहार फिसकटला की सूचना बाजूला राहत. त्यामुळे नकाशावर रॉसचे नाव असणे आणि मैदान रॉसचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. नामांकित रचनाकाराचे नाव लागले की क्लबची प्रतिष्ठा वाढते. म्हणूनच असे नाव लावण्याचा मोह मोठा असतो आणि ते तपासण्याची जबाबदारीही.

ही तपासणी चालते ती कोर्टातल्या खटल्यासारखी. एका साक्षीवर निकाल देता येत नाही. क्लबच्या सभांची इतिवृत्ते पाहिली जातात: आराखडा मंजूर झाला का, कोणत्या दुरुस्तीसह? हिशेबाच्या वह्या पाहिल्या जातात: बंकर खोदण्याची मजुरी दिली गेली का? ठराव उत्साहात होतात, पण मजुरीची नोंद काम झाल्याशिवाय सहसा पडत नाही. त्या गावची जुनी वृत्तपत्रे मैदान खुले झाल्याच्या दिवसाचे होलवार वर्णन देतात. मात्र बातमीदाराने मैदान पाहून लिहिले की क्लबने दिलेल्या पत्रकावरून, हे पारखून घ्यावे लागते.

सर्वांत भक्कम साक्ष बहुधा आकाशातून येते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३० च्या दशकात शेतजमिनीची हवाई छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर घेतली. हेतू पिकांखालचे क्षेत्र मोजण्याचा होता. पण विमानाखाली जे जे आले ते सगळे टिपले गेले, त्यात गोल्फची मैदानेही होती. गोल्फशी काही देणेघेणे नसलेल्या माणसाने घेतलेले छायाचित्र असल्यामुळेच ते विश्वासार्ह ठरते. ते वाचण्याचीही एक रीत आहे. आजही उभ्या असलेल्या एखाद्या इमारतीची लांबी मोजून छायाचित्राचे प्रमाण ठरवतात. सावली कोणत्या बाजूला आणि किती लांब पडली आहे यावरून चढ कोणता आणि खड्डा कोणता हे ओळखतात. पांढरा ठिपका म्हणजे वापरातला बंकर आणि त्याच आकाराचा फिकट करडा डाग म्हणजे बुजवलेला बंकर, असा अंदाज बांधतात. शेवटी जमिनीलाच विचारावे लागते. लोखंडी सळई खुपसली आणि हिरवळीखाली हातभर खोलीवर वाळू लागली, तर अंदाज खरा ठरतो.

या साऱ्या साक्षींचा कस लागला तो पाइनहर्स्टच्याच ‘क्रमांक दोन’च्या मैदानावर. १९०७ साली खुले झालेले हे मैदान रॉसचे सर्वांत लाडके. त्याचे घर या मैदानाला लागूनच होते आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तो त्यात फेरफार करत राहिला. रोज मैदानात फिरून बदल करणाऱ्याला प्रत्येक वेळी नकाशा काढण्याची गरज नसते. त्यामुळे ज्या मैदानावर त्याने सर्वाधिक कष्ट घेतले त्याच्याच बाबतीत नकाशे एकटे पुरेसे नव्हते.

१९७० साली टफ्ट्स कुटुंबाने हे विश्रामस्थळ विकले. त्यानंतरच्या दशकांत मैदानाचे रूप पालटले. हा प्रदेश मुळात वाळूचा, पाइन वृक्षांचा आणि तारेसारख्या ताठ रानगवताचा. त्या रानगवताच्या आणि उघड्या वाळूच्या जागी सलग, दाट, पाणी देऊन वाढवलेली हिरवळ आली. फटके मारण्याचा मधला पट्टा, म्हणजे फेअरवे, अरुंद झाला. २०१० मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या रचनाकारांकडे मैदान पूर्वरूपात आणण्याचे काम सोपवण्यात आले, तेव्हा प्रश्न होता: पूर्वरूप कुठवर रुंद होते?

उत्तर दोन ठिकाणी सापडले. एक, १९४३ साली घेतलेली हवाई छायाचित्रे. त्यांत फेअरवेच्या वेड्यावाकड्या कडा आणि भोवतालची वाळू स्पष्ट दिसत होती. दुसरे जमिनीखाली, पाण्याच्या जुन्या नळवाहिनीत. रॉसच्या काळात फेअरवेच्या मध्यातून एकच वाहिनी जात असे. तिच्यावरील तुषारनळांचे पाणी जिथवर पोचे तिथवर हिरवे गवत आणि त्यापलीकडे कोरडी वाळू, असा सरळ हिशेब होता. वाहिनीची जागा कळली की फेअरवेचा मध्य कळला. तुषारांचा पल्ला कळला की त्याची रुंदी कळली. कोणत्याही आरेखनात न उमटलेली गोष्ट एका नळाने सांगितली.

त्यानुसार सुमारे ३५ एकरांवरची हिरवळ काढण्यात आली, वाळू उघडी करण्यात आली आणि रानगवताची रोपे पुन्हा लावण्यात आली. सुमारे १,१५० तुषारनळांपैकी साधारण ४५० उरले. पाण्याची गरज त्या प्रमाणात घटली. २०१४ साली याच मैदानावर पुरुषांची आणि महिलांची अमेरिकन खुली स्पर्धा लागोपाठच्या दोन आठवड्यांत झाली. दूरचित्रवाणीवर हिरवेगार मैदान पाहण्याची सवय असलेल्या काही प्रेक्षकांना ते तपकिरी मैदान ओसाड वाटले, तर इतिहास जाणणाऱ्यांना ते ओळखीचे वाटले.

तरीही एक प्रश्न उरलाच. या मैदानाची ग्रीन कासवाच्या पाठीसारखी फुगीर म्हणून जगभर प्रसिद्ध आहेत. चेंडू थोडा चुकला की घरंगळत खाली जातो. ही फुगीरता रॉसने मुद्दाम दिली, की वर्षानुवर्षे ग्रीनवर पसरलेल्या वाळूच्या थरांनी ती वाढत गेली? दोन्ही मते मांडली गेली आहेत. पहिल्या ग्रीनवर गवतही नव्हते; ती वाळूची होती आणि १९३० च्या दशकाच्या मध्यास गवताची झाली. म्हणजे ‘मूळ’ म्हणायचे ते १९०७ चे की १९३५ चे? कूर आणि क्रेनशॉ यांनी दोन ग्रीनवर थोडे काम केले आणि बाकीची बहुतांशी होती तशीच ठेवली. जिथे पुरावा बोलत होता तिथे त्यांनी हात घातला, जिथे तो गप्प होता तिथे आवरला. कोणत्याही जीर्णोद्धारात हा विवेक नकाशाइतकाच मोलाचा असतो; कारण चुकीच्या पुराव्यावर खोदलेली जमीन स्वतःचा पुरावाही घालवून बसते.

आणि जिथे जमीनच उरली नाही तिथे? न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड यांनी सेथ रेनर यांच्या साथीने लिडो हे मैदान उभारले. काम १९१४ मध्ये सुरू झाले. पाणथळ जागेवर समुद्रातील वाळू उपसून भराव घातला गेला आणि १९१७ मध्ये मैदान खुले झाले. त्यातील एक होल ‘कंट्री लाइफ’ नियतकालिकाच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या आरेखनावर आधारलेला होता, आणि ते आरेखन होते मॅकेन्झीचेच. दुसऱ्या महायुद्धात ती जागा नौदलाने घेतली आणि मैदान नाहीसे झाले. पुढे एका हौशी अभ्यासकाने जुने नकाशे आणि छायाचित्रे जुळवत संगणकावर त्याचे प्रतिरूप घडवले. त्याच्या आधारे टॉम डोक यांनी विस्कॉन्सिन राज्यात ते मैदान नव्याने उभारले. २०२३ मध्ये ते खुले झाले. चढउतार परत आले, बंकर परत आले. समुद्र मात्र परत आला नाही, कारण विस्कॉन्सिनला समुद्र नाही. अभिलेख किती परत देऊ शकतो आणि कुठे थांबतो, हे त्या मैदानावर उभे राहिले की कळावे.

गोमंतकीय वाचकाला या कथेत परके असे फार थोडे आहे. एक-चौदाचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि बांधावरचा प्रत्यक्ष माड यांचा मेळ घालताना येथील कित्येक पिढ्या थकल्या आहेत. १५९५ मध्ये स्थापन झालेले पुराभिलेखागार याच भूमीत आहे. जुना कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे येथे नव्याने शिकवावे लागू नये. पाइनहर्स्टला ३५ एकरांचा निर्णय घेता आला, कारण युद्धकाळातले छायाचित्र कोणीतरी फेकून दिले नव्हते आणि कामाचा उरला नसलेला नळ कोणीतरी उपटून काढला नव्हता. कार्यालयाची साफसफाई करताना गुंडाळी केलेला जुना आराखडा हाती लागला, तर त्यावरची धूळ झटकावी, मागे तारीख लिहिली आहे का ते पाहावे, आणि मगच तो कुठे ठेवायचा ते ठरवावे.